मूर, आर. स्टीव्ही
(१८ जानेवारी १९५२). अमेरिकन पॉप गीतकार, गायक व वादक. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. पूर्ण नाव रॉबर्ट स्टीव्हन मूर. जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे. वडील बॉब मूर हे त्या शहरातील अव्वल स्टुडिओवादक. एल्विस प्रेस्ली, रॉय ऑर्बिसन, पॅट्सी क्लाइन यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी बेस वाजवला. स्टीव्ही यांनी १९५९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, गायक जिम रीव्ह्‌ज यांच्यासह एक गाणे ध्वनिमुद्रित केले. व्यावसायिक स्टुडिओचे दार त्यांना बालपणापासून उघडे होते. घरच्या खोलीत काम करणे हा नाइलाज नसून त्यांनी केलेली निवड होती, हे त्यामुळे ध्यानात घ्यावे लागते.

सुरुवातीची त्यांची पद्धत दोन स्पूल टेपरेकॉर्डरांवर उभी होती. एका यंत्रावर ड्रम किंवा गिटार मुद्रित करायचे. ते ऐकत दुसरे वाद्य वाजवायचे आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचे. मग तीच टेप पुन्हा पहिल्यावर, वर बेस, वर गळा. प्रत्येक फेरीत टेपची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेला आवाज पुन्हा वेगळा काढता येत नाही. कोणते वाद्य किती मोठे, हे गाणे पुरे होण्याआधीच कायमचे ठरवावे लागे. या अडचणीतून सगळी वाद्ये व सगळे गळे एकाच माणसाचे असलेली, दाट आणि थोडी धूसर अशी नादरचना तयार झाली. चाली मात्र बीटल्सच्या वळणाच्या, लक्षात राहणाऱ्या.

अशा टेपांतून निवडलेला फोनोग्राफी (१९७६) हा अल्बम त्यांचे मामा-काकांच्या पिढीतील आप्त हॅरी पामर यांनी काढला. प्रती अवघ्या १००. गाण्यांच्या मध्ये मध्ये बोलण्याचे तुकडे आहेत, आणि त्यांच्यामुळे तो एखाद्या खाजगी नभोवाणी केंद्रासारखा वाटतो. १९७८ मध्ये मूर न्यू जर्सीला गेले. पोटासाठी तेथे रेकॉर्डच्या दुकानात नोकरी, फावल्या वेळी डब्ल्यूएफएमयू या नभोवाणी केंद्रावर कार्यक्रम आणि घरी अखंड ध्वनिमुद्रण असा त्यांचा क्रम होता. १९८० च्या दशकारंभी त्यांनी कॅसेट क्लब काढला. मागणी आली की कॅसेट घरीच भरायची आणि टपालाने धाडायची. पॅरिसच्या न्यू रोझ कंपनीने १९८४ मध्ये त्यांच्या निवडक गाण्यांचा जोडअल्बम काढला, तरी मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ते गेले नाहीत.

त्यांच्या अल्बमांची संख्या ४०० हून अधिक सांगितली जाते. त्यांत अर्धवट कल्पना आणि निर्दोष गाणी शेजारी-शेजारी आहेत; वेचण्याचे काम त्यांनी श्रोत्यावर सोडले. हा विपुल पसारा हीच त्यांची खरी कृती मानणे योग्य होईल. एरियल पिंक या पुढच्या पिढीतील गीतकाराने त्यांना गुरुस्थानी मानले आणि दोघांनी एकत्र कामही केले. संगीतकार जेसन फॉकनर यांच्यासह मेक इट बी (२०१७) हा अल्बम निघाला. नव्या श्रोत्याने फोनोग्राफी किंवा डेलिकेट टेन्शन (१९७८) पासून आरंभ करावा.