शमीवरची शस्त्रे आणि आगाऊ विकलेले खेळ

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक, म्हणजे जंबूसवारी, राजवाड्यापासून निघून ज्या बन्नीमंटपात पोहोचते, त्याचे नाव शमीच्या झाडावरून पडले आहे. शमीला कन्नडमध्ये बन्नी म्हणतात आणि विजयादशमीला येथे शमीपूजन करण्याची वोडेयार राजांची परंपरा होती. या पूजेमागची महाभारतकथा एका खेळापासूनच सुरू होते. शकुनीच्या कपटद्यूतात राज्य हरलेल्या पांडवांनी बारा वर्षांच्या वनवासानंतर अज्ञातवासात जाताना आपली शस्त्रे शमीवर ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती त्यांना जशीच्या तशी परत मिळाली. कपटाचा डाव आणि सांभाळलेली ठेव या दोन टोकांच्या मध्ये आजच्या व्हिडिओ गेमच्या व्यापाराचा इतिहासही वाचता येतो, कारण या व्यापारातील ‘प्री-ऑर्डर’, म्हणजे खेळ बाजारात येण्यापूर्वीच ग्राहकाने नोंदवलेली खरेदी, ही स्वरूपाने ठेवच असते.

फ्रान्समधील पाच भावांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या युबिसॉफ्ट या प्रकाशनसंस्थेवरचा विश्वास एका दिवसात ढासळला नाही. चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी संस्थेने २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’च्या संगणक-आवृत्तीला इंटरनेटची अखंड जोडणी सक्तीची केली, परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थेचे सर्व्हर कोलमडले तेव्हा रीतसर पैसे मोजलेल्यांनाच खेळता येईना. नोव्हेंबर २०१४ मधील ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील खेळात पात्रांचे चेहरे नाहीसे होण्यापर्यंत दोष होते, आणि विक्री सुरू होऊन कित्येक तास उलटेपर्यंत परीक्षणे प्रसिद्ध करण्यास समीक्षकांना मनाई असल्याने पहिल्या ग्राहकांना त्यांची कल्पनाही आली नाही. संस्थेने पुढे क्षमा मागून एक जोडखेळ विनामूल्य दिला, तरी आगाऊ पैसे देणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कच्चा माल येतो ही भावना तेथून रुजली.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ, म्हणजे खेळ घडवण्याची कार्यशाळा, विकत घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी घडण या दोन स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा मानाचे काम मराठी भूमीत आल्याचा आनंद स्वाभाविक होता. मात्र पहिल्याच चित्रफितीतील दृश्ये जुनाट वाटल्याची टीका झाली; जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, नंतर तारीखच उरली नाही, आणि मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडवणाऱ्या माँट्रिऑलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आले. तेथेही ते तडीस गेले नाही आणि जानेवारी २०२६ मध्ये संस्थेने ते रद्द केले. या अपयशाचे खापर पुण्या-मुंबईच्या कारागिरांवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे ठरते; दोष होता तो घडण पक्की होण्यापूर्वी तारीख जाहीर करून खरेदी नोंदवून घेण्याच्या प्रकाशकीय रीतीचा.

विश्वासाचा प्रश्न खेळ हाती आल्यावरही संपत नाही. २०१४ मध्ये आलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ एकट्याने खेळतानाही प्रकाशकाच्या सर्व्हरवर अवलंबून होता, त्यामुळे ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेली प्रत निरुपयोगी झाली. ग्राहकाला मिळते ती मालकी नव्हे, केवळ वापराची परवानगी, हे परवाना-करारातील कलम त्या दिवशी सामान्य खेळाडूला अनुभवाने कळले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या चळवळीच्या युरोपीय नागरिक-याचिकेवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या.

दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून स्वीकारले जाते, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. प्रकाशकाने जाहीर केलेली तारीखही असेच एक पान असते आणि तिला मोल येते ते पूर्वी पाळलेल्या शब्दांमुळे. विक्रीआधी परीक्षणाची मुभा देणे, घडण पुरी झाल्यावरच पैसे घेणे आणि सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशी सोय करणे, या तीन गोष्टी प्रकाशकाच्या हातात आहेत. त्या होईपर्यंत खेळाडूने आपली ठेव स्वतःजवळ ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.