लाकडी नंदीची कुळी

पोळा आमच्या बऱ्हाणपूरकडे तापीकाठीही भरतो. पण दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा खरा पाहायचा तर मेळघाट ओलांडून नागपूर गाठावे. श्रावण अमावास्येला खरे बैल तोरणाखाली उभे राहतात. भाद्रपद प्रतिपदेला त्याच थाटात पोरे आपापला चाकांवरचा लाकडी नंदी ओढत आणतात. झूल, बेगड, बाशिंग, काही कमी नाही. पोळा फुटला की घरोघर नंदी फिरवायचा आणि बोजारा, म्हणजे बक्षिसी, वसूल करायचा.

नागपूरकर या रिवाजाचा मान दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देतात आणि साल 1806 सांगतात. त्याच्या तीनच वर्षे आधी, ऑक्टोबर 1803 मध्ये, इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांचे बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ असीरगड घेतला होता. डिसेंबरातल्या देवगावच्या तहात भोसल्यांचे कटक गेले, वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले. शिंद्यांना बऱ्हाणपूर परत मिळाले, भोसल्यांना वऱ्हाड नाही. मुलूख गमावलेल्या राजाने पोरांच्या हाती बैल दिला, ही कथा लोकांनी जपावी यात नवल नाही.

चाकांवरचे जनावर मात्र भोसल्यांहून फार जुने. हडप्पा संस्कृतीच्या गावांत मातीच्या खेळगाड्या सापडतात, मोहेंजोदडोला मान हलवणारा मातीचा बैल सापडला आहे. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू निघाल्या: दोन बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतकाम, चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. ही खेळणी नव्हेत, एवढे ओझे कोणते पोर ओढणार? मिरवणुकीतल्या पूजावस्तू असाव्यात, असे मला वाटते. पण खेळणे आणि पूजा यांच्यातली भिंत आपल्याकडे कधीच जाड नव्हती. तान्हा पोळ्याच्या नंदीलाही आधी ओवाळतात, मग ओढतात.

म्हणूनच तो टिकला. भोवरा, विटीदांडू पोर मोठे झाले की अडगळीत जातात; नंदी दर भाद्रपदात माळ्यावरून खाली उतरतो आणि नातवाच्या हाती जातो. नागपूर-वर्ध्याकडच्या घरांत पणज्याचा सागवानी नंदी आजही सापडतो. हल्ली संग्राहक अशा नंदीला चांगला भाव देतात आणि तिथेच घोटाळा होतो. विकण्याआधी मालक त्याला झगझगीत ऑइलपेंट फासतो, झिजलेले चाक बदलतो, आणि जाणकार ज्यासाठी पैसे मोजणार तेच घालवून बसतो. हातांनी गुळगुळीत झालेली पाठ, दोरीने कापलेले भोक, मूळ आस ही त्याची कागदपत्रे. नुसत्या आकाराला किंवा जाडजूड शिंगांना मी फारसे मोल देणार नाही.

एक कायद्याची गोष्टही ध्यानात ठेवावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या लेकाला आजोबांचा नंदी पाठवायचा विचार असेल, तर आधी त्याचे वय नीट तपासून घ्या.