धरणाचे दार कधी उघडावे?

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर त्याची उंची मीटरमध्ये सांगत नाहीत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, एवढे म्हटले की पुरते. रामकुंडाजवळ उभी असलेली ही मूर्ती म्हणजे गावाची पूर मोजण्याची पट्टीच आहे. मात्र या पट्टीवर पाणी किती चढणार, हे पुष्कळदा शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरणावर ठरते. तिथल्या अभियंत्यांपुढे पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक अवघड प्रश्न असतो. चुकेल कदाचित, तरी निर्णय घ्यावा, की खात्री होईपर्यंत थांबावे?

सप्टेंबरचा महिना घेऊ. धरण जवळजवळ भरले आहे आणि वर त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत ढग जमले आहेत. आत्ता पाणी सोडले आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला, तर उन्हाळ्यात शहराचे नळ आणि शेतीचे कालवे कोरडे पडतील, आणि सोडलेले पाणी परत आणता येणार नाही. (ते वाया जाते असे मात्र नाही. नांदूरमध्यमेश्वरवरून ते पैठणच्या जायकवाडीकडे जाते.) उलट पाणी धरून ठेवले आणि पाऊस कोसळला, तर? गंगापूर हे मातीचे धरण आहे. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर ते बांधाची माती धुऊन नेते. त्यामुळे एका मर्यादेनंतर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आता थोडे गणित करू. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी. दर सेकंदाला १०,००० घनफूट, म्हणजे १०,००० क्युसेक वेगाने ते सोडले, तर एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागतात. तेच पाणी सोडायला आपण २१ तास उशीर केला, तर हाती सातच तास राहतात आणि विसर्ग सुमारे ४०,००० क्युसेक करावा लागतो. पाणी तेवढेच, पण खालच्या वस्तीला बसणारा तडाखा अगदी वेगळा. शिवाय २८ तासांच्या विसर्गात पाचव्या तासाला ढग पांगले, तर दरवाजे बंद करून बरेचसे पाणी वाचवता येते. म्हणजे उशीर केल्याने निर्णय टळला नाही. लहान आणि दुरुस्त करता येण्याजोगा निर्णय तेवढा हातचा गेला.

उशिराची जबर किंमत महाराष्ट्राने १९६१ साली मोजली. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. ते १९६२ मध्ये पूर्ण व्हायचे होते. ते वर्षभर आधी उरकून त्याच पावसाळ्यात पाणी साठवायचे ठरले. पाणी बाहेर काढणाऱ्या मार्गाच्या दरवाजांचे काम तेव्हा पुरे झालेले नव्हते. जुलैच्या जोरदार पावसात तळाच्या मोरीला इजा झाली आणि ११ जुलैला बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रीच्या अंधारात गोण्या रचून तो सावरून धरला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, त्यापाठोपाठ खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले.

जवानांनी शहराला एक रात्र मिळवून दिली होती. पूर दिवसाउजेडी आला, म्हणून पुष्कळ जीव वाचले. पण नदीकाठच्या लोकांना घरे सोडण्याचा स्पष्ट इशारा वेळेवर मिळाला नाही. समजा, लोकांना रात्रीच हलवले असते आणि धरण तगले असते, तर काय झाले असते? हजारो माणसे पावसात भिजली असती, अधिकाऱ्यांना लोकांनी घाबरट ठरवले असते, वर्तमानपत्रांनी टीका केली असती. निर्णय चुकीचा ठरला असता, पण दुसऱ्या दिवशी माणसे आपापल्या घरी परतली असती. इशारा न देण्याची चूक मात्र नंतर निस्तरता येण्यासारखी नव्हती.

म्हणून कोणताही निर्णय न घेण्यापेक्षा बरा, असे आम्ही म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचेही कारण पानशेतच आहे. अपुऱ्या धरणात पाणी साठवणे हाही एक धडाडीचा निर्णयच होता. एकदा जलाशय भरल्यावर तो चटकन रिकामा करण्याची सोय नव्हती. तिथे एक पावसाळा थांबणे हेच शहाणपणाचे होते. धडाडी की सबुरी हे स्वभावावर सोडून चालत नाही. दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत मांडावी लागते, आणि त्यांतली कोणती चूक मागे घेता येईल तेही पाहावे लागते.

हा हिशेब भर पावसात, रात्री दोन वाजता, एकट्या अभियंत्याच्या माथी मारणे योग्य नाही. म्हणून कोणत्या तारखेला धरण किती भरलेले असावे, याचे वेळापत्रक आधीच आखतात आणि हवामानाच्या अंदाजानुसार त्यात फेरफार करतात. नाशिकमध्ये १९ सप्टेंबर २००८ रोजी महापूर आला. त्यानंतर शहरात पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधू न देणे हाही शांत डोक्याने, कोरड्या दिवसांत घेतलेला निर्णय आहे. तो पाळला नाही, तर दरवाजे कितीही वेळेवर उघडले तरी पाणी घरात येणारच.

हा प्रश्न वर्गात घेता येईल. फळ्यावर चार चौकोन आखा: इशारा दिला आणि पूर आला, दिला आणि आला नाही, दिला नाही आणि आला, दिला नाही आणि आलाही नाही. प्रत्येक चौकोनात कोणाचे काय नुकसान होईल, ते मुलांना लिहू द्या. मग त्यांतल्या कोणत्या नुकसानाची भरपाई होऊ शकते, ते विचारा. नदीकाठच्या शाळेतली मुले हे चौकोन आपल्यापेक्षा लवकर भरतात.