नागपुरात घरी मोरे ईल पाळता येतो का? आधी मे महिन्याचा विचार करा

दगडाच्या कपारीतून डोकं बाहेर काढून, तोंडाची सतत उघडझाप करणारा सापासारखा मासा म्हणजे मोरे ईल. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातही तो ठेवलेला असे. पण तिथे समुद्र रस्त्याच्या पलीकडेच होता. नागपूरपासून मुंबईचा समुद्र साधारण ८०० किलोमीटरवर आहे. मग नागपूरच्या घरात हा मासा जगवता येतो का? येतो, पण त्यासाठी माशाआधी पाणी सांभाळायला शिकावं लागतं.

मोरे ईल म्हणजे नेमका कोण?

दिसायला साप असला, तरी हा मासाच आहे. कोकणात बाजारात येणारा 'वाम' हा त्याचा दूरचा नातलग. मोरे ईलच्या सुमारे २०० जाती आहेत आणि त्यातल्या काही दोन-तीन मीटर लांब होतात. घरगुती टाकीसाठी सहसा 'स्नोफ्लेक' ही जात निवडली जाते. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे ठिपके असलेला हा मासा हिंद आणि प्रशांत महासागरात आढळतो. तो साधारण ६० ते ७० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. खेकडे आणि कोळंबी फोडून खायची सवय असल्यामुळे त्याचे दात बोथट असतात.

तोंड उघडं ठेवणं म्हणजे धमकी नव्हे. कल्ल्यांवरून पाणी खेळवत श्वास घेण्याची ती त्याची पद्धत आहे.

खरी अडचण कुठे आहे?

या माशाला २४ ते २७ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नेहमीचं आहे. २३ मे २०१३ रोजी तर शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी असतो.

टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनामुळे पाणी काही अंशांनी थंड होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते. पण त्याच खोलीत कूलर सुरू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. म्हणून उन्हाळ्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतंच. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे बंद खोलीत तो ठेवू नये.

दुसरा धोका वीज जाण्याचा. पंप बंद पडले की ऑक्सिजन घटतो आणि फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही मरू लागतात. पंप इन्व्हर्टरवर जोडा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा.

समुद्राचं पाणी घरी कसं बनवायचं?

• टाकी किमान ३०० लिटरची असावी. नुसतं पाणीच ३०० किलोंचं होतं. जुन्या घरात किंवा वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी अभियंत्याला विचारा.

• स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं मत्स्यालयाचं मीठ लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीलाच साडेदहा किलो.

• नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून आरओचं पाणी वापरा.

• बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरा, मिठाच्या पाण्याने नाही.

• मासा लगेच आणू नका. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासा आणा.

पुढे दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं, तर तेवढ्यासाठी वर्षाला ५० किलोंहून जास्त मीठ लागतं.

खाऊ घालताना काय जपायचं?

मोरे ईलची नजर कमजोर असते, पण वास तीव्र. कोळंबीचा वास लागलेलं बोट त्याला कोळंबीच वाटतं. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन भक्ष्य पकडते आणि आत ओढते. म्हणून हाताने खाऊ घालू नका, लांब चिमटा वापरा. चावलाच तर जखम साबणाने धुवून डॉक्टरांकडे जा.

मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा झिंगे, खेकडा किंवा माकूळ पुरतं. टाकीत शोभेचे झिंगे-खेकडे सोडले तर ते त्याचं जेवण ठरतील. आणि झाकण घट्ट, वजनदार हवं. पाइपसाठी ठेवलेल्या छोट्या फटीतूनही तो बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

कायदा काय सांगतो?

टाकी सजवण्यासाठी प्रवाळ घेण्याचा मोह आवरा. प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लपण्यासाठी सिरॅमिकचे कृत्रिम दगड आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात.

मग पाळावा की नाही?

दुकानातला स्नोफ्लेक ईल समुद्रातून पकडून आणलेला असतो. त्याची पारदर्शक, पानासारखी पिल्लं दीर्घकाळ समुद्रात तरंगत वाढतात, त्यामुळे त्याची पैदास करणं फार अवघड आहे. नीट सांभाळला तर तो दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे दहा उन्हाळे, दहा वर्षांचं वीजबिल आणि सुट्टीत गावी गेल्यावर टाकी बघणारं कुणीतरी विश्वासू माणूस. नंतर नको झाला म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणं म्हणजे त्याला मारणंच, कारण गोड्या पाण्यात तो जगत नाही.

तयारी तपासायचा एक साधा मार्ग आहे. टाकी आधी माशाशिवाय उभी करा आणि एक पूर्ण मे महिना तिचं तापमान व क्षारता रोज लिहून ठेवा. आकडे स्थिर राहिले तरच मासा आणा. नाही राहिले, तर निदान एका जिवाचा बळी गेलेला नसेल.