बेरियाचा बाक

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना. ही अर्पणपत्रिका आपल्याला ठाऊक असते. पण गुलामी कायद्याने गेल्यावर त्या देशात पुढे काय घडले, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. केंटकी राज्यातील बेरिया या लहानशा गावातील कॉलेजचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या संस्थेचा संस्थापक जॉन फी हा गुलाम बाळगणाऱ्या बापाचा मुलगा. धर्मोपदेशक होऊन तो गुलामीविरुद्ध बोलू लागला आणि १८५५ साली त्याने बेरियात एका खोलीची शाळा काढली. १८५९ च्या डिसेंबरात सशस्त्र जमावाने त्याच्या सहकाऱ्यांना दहा दिवसांत राज्य सोडण्याची ताकीद दिली. यादवी युद्धानंतर ही मंडळी परतली. १८६६ साली कृष्णवर्णीय मुली वर्गात आल्या, तेव्हा बरीच गोरी मुले उठून गेली. फी डगमगला नाही. त्या वर्षी पटावर १८७ विद्यार्थी झाले: ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे.

फीची दृष्टी वर्गापुरती नव्हती. गावातील जागाही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना एकमेकांलगत मिळाव्यात, असा त्याचा आग्रह होता. वस्त्या वेगळ्या राहिल्या, तर एका बाकावर बसलेली मुले संध्याकाळी पुन्हा परकी होतात, हे त्याने ओळखले होते.

पुढे वारे फिरले. १८९२ साली अध्यक्ष झालेल्या विल्यम फ्रॉस्ट यांनी डोंगराळ भागातील गरीब गोऱ्यांकडे अधिक लक्ष दिले. त्या मुलांनाही शिक्षणाची गरज होतीच. पण कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत गेले. वृद्ध फीला हे खटकले. १९०१ साली तो वारला.

१९०४ साली आमदार कार्ल डे यांच्या विधेयकाने दोन्ही वर्णांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरला. दंड १००० डॉलर. त्याच संस्थेला दुसऱ्या वर्णासाठी शाखा काढायची तर ती किमान २५ मैल दूर हवी! राज्यात असे मिश्र कॉलेज बेरियाचेच, तेव्हा रोख कोणावर होता हे उघड आहे. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली हरले. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती हार्लन केंटकीचेच. असा कायदा चालला, तर उद्या बाजारात आणि प्रार्थनास्थळीही एकत्र येणे गुन्हा ठरेल, असा त्यांचा इशारा होता.

बेरियाने निधी उभारून कृष्णवर्णीयांसाठी १९१२ साली लिंकन इन्स्टिट्यूट उभी केली. शाळा चांगली होती. पण घर गोऱ्यांकडे राहिले आणि बाहेर पडावे लागले ते कृष्णवर्णीयांना. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा थोर अभ्यासक कार्टर वुडसन याने बेरियाची पदवी घेतली ती १९०३ साली. वर्षभर उशीर झाला असता, तर त्याला तेथे दार बंद होते.

१९५० साली कायदा शिथिल झाला आणि बेरियाने पुन्हा कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला. मध्ये ४६ वर्षे गेली. बाक कायद्याने तोडला हे खरे. पण त्याचे खिळे आतूनच सैल झाले होते, हेही तितकेच खरे. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपण, शेजारचे मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसते का, एवढे तरी पाहत राहावे.