फ्रेंडशिप बेंच
झिम्बाब्वेतील लोकाधारित मानसिक आरोग्य उपक्रम. बसभाड्याअभावी दवाखान्यात येऊ न शकलेल्या एका तरुण रुग्णाने जीवन संपवले. त्या धक्क्यातून मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरून हा उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर प्रशिक्षित आजी आधी नीट ऐकून घेते. थकलेले घरभाडे, नवऱ्याची मारहाण, एचआयव्हीची धास्ती अशा अनेक अडचणींतली एक रुग्णाने निवडायची आणि तोडगाही त्यानेच शोधायचा. आजी उपदेश करत नाही, हे या पद्धतीचे मोठे बळ. ५७३ रुग्णांवरील चाचणीत (२०१६) सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे नेहमीच्या उपचारांपेक्षा बरीच कमी आढळली. पुढे मलावी, झांझिबार येथेही असे बाक मांडले गेले.