ओढणं सोपं, आवरणं अवघड

१९४७ साली एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीच्या वॅली बायमने एक छायाचित्र काढवून घेतलं: फ्रेंच सायकलपटू अल्फ्रेड लेतूर्नर सायकल हाणतोय आणि मागे चकचकीत ॲल्युमिनियमचं अख्खं फिरतं घर येतंय. होती ती जाहिरातच, पण तिच्यात तथ्य होतं. सपाट रस्त्यावर, नीट तोललेली गाडी माणसाच्या पायांनीही हलते. अमेरिकेतल्या प्रवासी ट्रेलरचा इतिहास इंजिनांच्या वाढत्या ताकदीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो भार कुठे टेकतो आणि गाडी आवरते कशी, याचा इतिहास आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही भटक्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन होतं जेमतेम २० अश्वशक्तीचं. पुढे ट्रेलर सुधारले ते विमानवाल्यांनी. ग्लेन कर्टिस विमानं बांधणारा, हॉली बोलस ग्लायडर बांधणारा. बोलसच्या १९३४ च्या ‘रोड चीफ’चाच वारसा बायमच्या १९३६ च्या ‘क्लिपर’ने चालवला. विमान बांधणाऱ्याला पौंडापौंडाचा हिशेब ठेवावाच लागतो.

तोवर ट्रेलर ओढायच्या त्या मोटारीच. तेलटंचाईनंतर, १९७५ च्या इंधनबचतीच्या कायद्यामुळे, मजबूत सांगाड्याच्या अवजड मोटारी आक्रसल्या आणि हे ओझं पिकअपच्या गळ्यात पडलं. १९८७ च्या डॉज डकोटाने मधल्या आकाराचा पिकअप रूढ केला. मग टोयोटाचा टकोमा आला. इथे हिशेब अवघडला. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, हुकावर, यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. मागे जड भरलेली बैलगाडी उलाळ होते, हे आपल्या गाडीवानाला कुणी शिकवावं लागलं नाही. सहा हजार पौंडांच्या ट्रेलरचे १२ टक्के म्हणजे ७२० पौंड, आणि ते पिकअपनेच अंगावर वाहायचे. त्यात घरची चार माणसं बसली की अशा पिकअपची दीड हजार पौंडांच्या आसपासची वहनक्षमता सामान चढण्याआधीच संपत येते. इंजिन मात्र अजून दमलेलंही नसतं.

यावर कुणी म्हणेल, घाट चढायला ताकद लागतेच, आणि आता ओढक्षमतेच्या आकड्यांना प्रमाण आहे. दोन्ही खरं. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाने चढावा लागतो. पण त्याच मानकात ब्रेक आणि तोल यांच्याही चाचण्या आहेत. २०११ च्या गाड्यांसाठी टोयोटाने ते सर्वांआधी स्वीकारलं, तेव्हा तिच्या मोठ्या पिकअपचे, टुंड्राचे, जाहीर आकडे खाली आले. इंजिनं काही दुबळी झाली नव्हती. शिवाय अशा पिकअपच्या चाचणीत गृहीत धरतात ती प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं. मुलं, कुत्रा, सायकली, पाण्याचे कॅन यांचा विचार ज्याचा त्याने करायचा. त्यांच्यासाठी किती वजन उरतं, तो आकडा जाहिरातीत नसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते छापलेलं असतं. ट्रेलर बघायला निघण्याआधी ते दार उघडून वाचावं.